संपतचं लिनक्स आणि संपतचं लग्न

कॉम्प्युटरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. जुन्या वायरी आणि किस्से. दोन्ही कधी कामाला येतील सांगता येत नाही, म्हणून टाकवत नाहीत. वायरींचं पोतं आमच्या माळ्यावर आहे. किस्से ठेवायला जागा नाही, म्हणून ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत सुटते. आज तुम्ही सापडलात. बसा!

दुकान आमचं देवळाली प्रवरात. विक्री, दुरुस्ती, झेरॉक्स, सगळं एकाच शटरमागे. मी वैशाली कुलकर्णी. आधी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे, तेव्हापासून अख्ख्या गावाची मॅडम. माझ्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा मॅडम म्हणतात, आणि लगेच टीव्हीचा रिमोट पुढे करून "एवढं बघा" म्हणतात.

भागीदार म्हणजे संपत. घरचा ऊस, स्वतःचं घर, दोन म्हशी, आणि हात असा की मेलेला मदरबोर्डसुद्धा त्याच्यासमोर एकदा तरी डोळे उघडतो. सगळं चांगलं. फक्त लग्न जमत नव्हतं. आमच्या भागात हल्ली मुलीच्या बापाचा पहिला प्रश्न असतो, "मुलगा नोकरीला कुठं?" आणि दुसरा, "पुण्यात फ्लॅट आहे का?" संपतकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. त्याची आई दर बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन माझ्यासमोर डोळ्याला पदर लावायची.

"मॅडम, तुमी तरी बघा कुटं. न्हाई तर हे पोरगं त्या डबड्यासंगंच फेरे घ्यायचं."

मी शब्द दिला, बघते म्हणाले. मला काय माहीत, मध्ये लिनक्स येणार आहे!

* * *

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर सुरू झाला की आतलं सगळं बघायला एक कारभारी लागतो. बहुतेकांच्या घरी तो विंडोज असतो. लिनक्स हा दुसरा कारभारी. फुकट मिळतो, व्हायरस सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत, जुन्या मशीनवरही पळतो. भानगड एकच. विंडोजसाठी केलेल्या प्रोग्रॅमना तो ओळखच दाखवत नाही.

संपतला हे लिनक्स सापडलं आणि पोरगं हातचं गेलं. नुकती माळ घातलेला माणूस मटणाच्या ताटाकडे जसा बघतो, तसा तो विंडोजकडे बघायला लागला. कुणी नवीन कॉम्प्युटर घ्यायला आलं की आधी विचारायचा, "विंडोज टाकू का लिनक्स?" लोक बिचारे गोंधळून जायचे. एकानं विचारलं, "आपल्या भागात कोन्तं जास्त चालतं?" दुसरा म्हणाला, "ज्याचे पार्ट राहुरीत मिळत्यात ते टाका."

पहिलं खरं गिऱ्हाईक लागलं ते भाऊसाहेब. मोठे बागायतदार, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हमखास पडणारे. संपतनं त्यांना खुर्चीत बसवून दोन्हींतला फरक सांगायला घेतला. चहा आला, चहा संपला, संपतचं चालूच. भाऊसाहेब डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. तेवढ्यात त्यांनी एक डोळा उघडला.

"सरपंचाकडं कोन्तं हाय?"

"विंडोज," संपत म्हणाला.

"मंग आपल्याला दुसरं टाका!"

* * *

पुढं भाऊसाहेबांच्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. त्यांनी संतापून तिथं कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याबरोबर आलेला प्रोग्रॅम विंडोजचा, आणि घरात लिनक्स. मी म्हटलं, "भाऊसाहेब, आता विंडोज टाकून घ्या, विषय संपला." भाऊसाहेबांनी सरपंचाच्या घराच्या दिशेनं बघितलं आणि मान हलवली. संपत तर फुललाच.

"मॅडम, लिनक्सवर विंडोजचा प्रोग्रॅम चालवायचा जुगाड असतोय. त्याला कळूच द्यायचं न्हाई का तो परक्या घरात हाय. तसंच ताट, तसाच पाट, तशीच हाक."

"आणि आमटीत मीठ विसरलं तर?"

"मंग तो रुसतो."

प्रोग्रॅम रुसला नाही. चालला. फक्त चित्र उलटं आलं. विहीर वर, आभाळ खाली, आणि मधून भाऊसाहेबांचं कुत्रं पाय वर करून चाललेलं. "दोन दिवसांनी येऊन सरळ करतो," म्हणून संपत परत आला आणि सवयीप्रमाणे विसरला.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पैसे दिलेलं गिऱ्हाईक! शेवटी संपतला गाडीवर घालून मीच भाऊसाहेबांच्या वस्तीवर गेले. बघते तर मॉनिटरचं स्टँड काढून तो भिंतीवर डोकं खाली करून ठोकलेला. माऊससुद्धा शेपटी आपल्याकडे करून धरलेला. भाऊसाहेब समोर खुर्ची टाकून मजेत विहीर बघत होते.

मी म्हटलं, "अहो, पण आता बाकीची सगळी अक्षरं उलटी झाली की! ती कशी वाचता?"

"बाकीचं कोन वाचतंय मॅडम? मी फकस्त इहीर बघतो!"

* * *

या यशानंतर संपत शाळेत शिरला. नाव सांगत नाही, हेडमास्तर अजून ओळखीचे आहेत. लॅबमधले कॉम्प्युटर इतके जुने की सुरू करून मुलांनी प्रार्थना म्हणावी, प्रतिज्ञा म्हणावी, तेव्हा कुठं पडद्यावर काहीतरी दिसायचं. संपतनं सगळ्यांवर लिनक्स टाकलं. मशीन पळायला लागली. हेडमास्तर खूश झाले आणि दुसऱ्याच क्षणी घाबरले.

"अरे पण पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. साहेबांना विंडोज दिसलं पाहिजे."

"सर, हे विंडोजपरीस भारी हाय."

"भारी नको मला, दिसायला विंडोज पाहिजे! आतून काय वाट्टेल ते असू दे."

संपतनं नाइलाजानं लिनक्सला विंडोजचे कपडे घातले. तसंच बटण, तसंच हिरवं शेत, तसंच निळं आभाळ. तपासणीचे साहेब आले, हिंडले, म्हणाले, "वा, वा." सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण साहेबांना काय बुद्धी झाली कोण जाणे, खिशातून पेनड्राइव्ह काढून म्हणाले, "यात आमचा टायपिंगचा प्रोग्रॅम आहे. जरा चालवून दाखवा बघू."

प्रोग्रॅम अर्थातच विंडोजचा. लॅबच्या सरांना घाम फुटला. त्यांनी हळूच मागे सरकून भिंतीवरचं मेन बटण खाली केलं. सगळे पडदे काळे.

"लाईट गेली, साहेब."

साहेबांनी वर बघितलं. "पंखा फिरतोय की!"

"तो इन्व्हर्टरवर आहे, साहेब."

"मग कॉम्प्युटर का नाही इन्व्हर्टरवर?"

सर घाम पुसत म्हणाले, "साहेब, कॉम्प्युटरला गरम होत नाही."

* * *

इकडे मी दिलेला शब्द विसरले नव्हते. माझ्या मावसबहिणीच्या ओळखीतून खर्ड्याकडचं एक स्थळ काढलं. मुलगी बी.ए., घरचे चांगले. फोटो पसंत पडला. मी संपतला नीट बजावून पाठवलं, "शर्ट इस्त्रीचा घाल, कमी बोल, आणि लिनक्सचं नाव काढायचं नाही."

लिनक्सचं नाव त्यानं खरंच काढलं नाही. पण मुलीच्या भावानं कॉम्प्युटरचं दुकान आहे असं ऐकून आपला लॅपटॉप आणून मांडीवर ठेवला. "जरा बघता का? लई स्लो झालाय." संपतनं पोह्यांची बशी बाजूला ठेवली ती ठेवलीच. मुलगी येऊन बसली, तिनं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, चहा दिला, आत गेली. संपतनं मान वर केली नाही. निघताना हसत हसत भावाला म्हणाला, "आता पळंल बघा घोड्यावानी."

चार दिवसांनी मावसबहिणीचा फोन आला.

"वैशे, तू पाठवलेला मुलगा काय करून गेला गं तिथं? त्या भावाचं ऑफिसचं सॉफ्टवेअर उघडेना झालंय! घरचे म्हणतायत, मुलगा चांगला आहे, पण आधी लॅपटॉप होता तसा करून द्या. मुलीचं मागाहून बघू."

मी फोन ठेवला आणि संपतकडे वळले. अशी चिडले होते की हातातला स्क्रू-ड्रायव्हर फेकायचाच बाकी होता.

"अरे मेल्या, तू मुलगी बघायला गेलतास का लॅपटॉप?"

"मॅडम," तो अगदी कळवळून म्हणाला, "व्हायरस लई हुते वं. बघवना!"

* * *

आता येतात उपाध्ये गुरुजी. माध्यमिक शाळेतून निवृत्त, आणि घराण्यात पिढीजात पंचांग. लग्नाच्या पत्रिका जुळवाव्यात तर गुरुजींनीच, असा आमच्या पंचक्रोशीत लौकिक. पण गुरुजी आधुनिक. पत्रिका हातानं मांडत नाहीत. फार वर्षांपूर्वी कुणाकडून तरी कुंडलीची एक सीडी मिळाली होती, ती एका जुनाट कॉम्प्युटरवर घालून त्याच्यावरच सगळं चालायचं. मुलाची जन्मवेळ टाका, मुलीची टाका, बटण दाबा. छत्तीसपैकी किती गुण जुळले ते पडद्यावर येणार.

गेल्या दिवाळीच्या आधी तो कॉम्प्युटर गेला. कायमचा गेला. आतून पालीचं बिऱ्हाड निघालं. नवीन कॉम्प्युटर घेतला, नवीन विंडोज टाकलं, तर विंडोजनं ती कुंडली उघडायला साफ नकार दिला. प्रोग्रॅम फार जुना आहे म्हणे. गुरुजी हबकलेच. लग्नसराई तोंडावर आलेली आणि लोक तर येऊन ओट्यावर बसलेले.

"वैशाली, काहीतरी कर गं," गुरुजी म्हणाले. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर हात जोडतोय म्हटल्यावर मलाच कसंतरी झालं.

संपत पुढं झाला. "गुरुजी, लिनक्सवर जुगाड करून बघतो."

आणि चाललं! खरंच सांगते, नवीन विंडोजवर जे चाललं नाही, ते संपतच्या लिनक्सवर चाललं. जुनी कुंडली जशीच्या तशी, घंटेच्या आवाजासकट उघडली. संपतच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे कसं झालं ते तो गुरुजींना समजावून द्यायला लागला. जुना प्रोग्रॅम कसा असतो, नवीन सिस्टिम कशी असते, मधला जुगाड एकाची भाषा दुसऱ्याला कशी सांगतो. बराच वेळ सांगत होता. गुरुजी शांतपणे कॉम्प्युटरला हळदीकुंकू वाहत होते.

"म्हणजे आत्मा जुना, देह नवा. एवढंच ना?"

"व्हय, तसंच काय तरी."

"मग इतका वेळ काय सांगत होतास?"

त्या दिवसानंतर संपत कुणाला ऐकेना. दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "लिनक्सवर चालत न्हाई असं जगात काय न्हाई. इचारा गुरुजींना!" गुरुजी दिवाळीपासून पत्रिका जुळवत राहिले. लग्नं लागत राहिली. आमच्या दुकानाचं नाव झालं. माझीसुद्धा छाती जरा फुगली होती, खोटं कशाला बोलू?

* * *

आणि मग तिसगावचं स्थळ आलं.

आणलं आमच्या गावातल्या मनीषानं. मनीषा मूळची तिसगावची, दिवाळीनंतरच्या उन्हाळ्यात लग्न होऊन इथं आलेली. तिची धाकटी बहीण सारिका. एका शाळेच्या ऑफिसात कामाला. वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, शेतकरी माणूस, शब्दाचा पक्का. नोकरीवालाच पाहिजे, पुण्याचाच पाहिजे, असलं काही खूळ नाही. मुलगा निर्व्यसनी हवा आणि पत्रिका जुळायला हवी, संपलं.

बघायच्या कार्यक्रमाला या वेळी मी स्वतः गेले. संपतवर माझा काडीचा विश्वास राहिला नव्हता. तिथं कोपऱ्यात टेबलावर एक लॅपटॉप उघडाच होता, मध्येच अडकलेला, पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चाक. माझा जीव वरखाली व्हायला लागला. पण संपतनं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही! सारिकाकडंच बघत बसला होता, बावळटासारखा. मी मनात म्हटलं, प्रकरण गंभीर आहे.

सारिकानं विचारलं, "ताई म्हणत होती, तुमच्या त्या लिनक्सवर सगळं चालतं. खरंच चालतं का हो?"

मी डोळे मिटून घेतले. आता सुरू होतोय भोंगा!

"न्हाई," संपत म्हणाला. "निम्मं चालतं. निम्मं चालवावं लागतं."

ती हसली. चांगली मनापासून हसली. परत येताना राहुरीला चहाला थांबलो. संपत एकदम म्हणाला, "मॅडम, हे जमलं पायजे." त्याचा आवाज असा झाला होता की मला पुढं चिडवायचं सुचलंच नाही.

राहिली पत्रिका. अण्णा म्हणाले, "उपाध्ये गुरुजीच बघतील. मनीषाची त्यांनीच जुळवली हुती. एकतीस गुन आले, मंगच मी व्हय म्हनलं. अठराच्या खाली आले तर मी पोरगी देनार न्हाई. आताच सांगून ठेवतो, मागून वाईट वाटायला नको."

सगळे गुरुजींच्या घरी जमलो. अण्णा आणि सारिका तिसगावहून आले. मनीषा आणि तिचे मिस्टर गणेशदाजी गावातूनच आले. संपतच्या आईचे गुडघे धरले होते, म्हणून त्याच्याकडून मी. पोहे झाले होते. मनीषा दाजींच्या बशीतले शेंगदाणे वेचून खात होती आणि आपल्या बशीतल्या मिरच्या त्यांच्या बशीत टाकत होती. दाजी मुकाट मिरच्या खात होते.

गुरुजींनी दोघांच्या जन्मवेळा घातल्या. घंटा वाजली. गुरुजी पडद्याकडे बघतच राहिले.

"चौदा," ते म्हणाले.

अण्णांनी मोठा श्वास सोडला. सारिकानं मान खाली घातली. संपतकडे तर मला बघवेना.

"पण हे चमत्कारिक आहे," गुरुजी पुटपुटले. "मुलीचा जन्म सूर्योदयाचा लिहिलाय. आणि इथं तर सूर्य पार डोक्यावर दाखवतोय."

"उन्हाळ्यातला जन्म असंल," दाजी म्हणाले. मनीषानं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी लगेच एक मिरची तोंडात टाकली.

संपत उठून पडद्याजवळ गेला. पडद्यावर त्यानं काय बघितलं कुणास ठाऊक, पण परत येऊन माझ्या कानाशी लागला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"मॅडम, घात झाला. दिवाळीत सिस्टिम टाकताना गाव निवडायचं राह्यलं. ते आपोआप लंडन धरतंय. घड्याळ मागं दिसलं म्हनून मी हातानं पुढं केलं. घड्याळ बराबर झालं, पन गाव लंडनच राह्यलं!"

म्हणजे कुंडली प्रत्येक जन्मवेळ लंडनची समजत होती, आणि गुरुजींच्या पत्रिकेतला प्रत्येक माणूस दिवाळीपासून साडेपाच तास उशिरा जन्मत होता! सगळ्यांचंच नक्षत्र बदललं नसेल, पण ज्यांचं काठावर होतं त्यांचं नक्कीच बदललं असेल. माझ्या डोळ्यांपुढं आमच्या दुकानाचं शटर आलं, आणि शटरसमोर पंचक्रोशीतले सगळे व्याही काठ्या घेऊन. गप्प बस, असं मी म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात सारिकानं मान वर करून संपतकडे बघितलं, आणि मला त्या दोघांची इतकी दया आली की मी संपतच्या दंडाला कचकन चिमटा काढला.

"बोल!"

संपत उभा राहिला. "गुरुजी, तुमचा कॉम्प्युटर लंडनला हाय."

गुरुजींनी टेबलाखाली वाकून बघितलं. "इथंच तर आहे रे!"

मग संपतनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सगळी चूक पदरात घेतली आणि शेवटी म्हणाला, "चूक माजी हाय. लिनक्सची न्हाई." म्हणजे बघा, गळ्यापर्यंत बुडाला तरी याचं लिनक्स सुटेना!

"म्हणजे दिवाळीपासून मी लंडनच्या पत्रिका काढतोय?" गुरुजी म्हणाले.

"व्हय, गुरुजी. पन थांबा, आता दुरुस्त करतो. आता गुन वाढत्याल बघा."

संपतनं भराभरा बटणं दाबली, लंडन काढलं, भारत घातला. गुरुजींनी पुन्हा दोघांच्या वेळा भरल्या. घंटा वाजली. गुरुजींनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं.

"किती?" अण्णा म्हणाले.

"नऊ."

संपत मटकन खाली बसला. मला रडूच यायला लागलं. एवढ्या लोकांसमोर त्यानं स्वतःचं नाक कापून घेतलं होतं, आणि हाती काय आलं, तर होते त्यातले पाच गेले! अण्णांनी खुंटीवरची टोपी काढली. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, पण पक्कं दिसत होतं.

"पोरगा खरं बोलला, चांगलं वाटलं. पन न्हाई जमायचं. चला, सारिका."

सारिका उठली नाही. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली.

"अण्णा, थांबा. गुरुजी, आता ताईची काढा."

"कुणाची?"

"ताईची आणि दाजींची. त्यांची पण उन्हाळ्यात याच कॉम्प्युटरवर काढली होती ना? म्हणजे ती पण लंडनचीच."

दाजींना जोराचा ठसका लागला. गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "राहू दे बाळ. लागलेल्या लग्नाची पत्रिका बघू नये." पण मनीषानंच पदर खोचला आणि टेबलाशी जाऊन उभी राहिली. "काढा गुरुजी. मला पण बघायचंय."

गुरुजी एका बोटानं टाइप करतात. एवढ्या सावकाश टाइप करतात, हे मला त्या दिवशी कळलं. अण्णांची टोपी हातातच होती. घंटा वाजली.

"सात," गुरुजी इतक्या हळू म्हणाले की अण्णांनी पुन्हा विचारलं, आणि ऐकल्यावर ते खुर्चीच्या काठावर टेकलेच.

मनीषा वळली आणि दाजींकडे बघत राहिली. दाजींनी आपल्या बशीतले उरलेले शेंगदाणे तिच्या बशीत ओतले. मनीषाला हसू फुटलं. आधी तोंडावर हात धरून हसली, मग हसता हसता तिला उभं राहवेना, म्हणून दाजींच्याच खांद्याला धरून खाली बसली. "बघा! मी सांगत नव्हते? यांचं न माझं एक जुळत नाही म्हणून!" दाजीही हसायला लागले. अण्णा एकदा लेकीकडे बघत होते, एकदा जावयाकडे.

सारिका उठली, अण्णांच्या हातातली टोपी काढून घेतली आणि पुन्हा खुंटीला लावली.

"बसा, अण्णा. आमचे तर नऊ आहेत. ताईपेक्षा दोन जास्तच!"